जगताप काकांचा घाट

जगताप काकांनी आयर्लंडमध्ये पाहण्यासारखं काय काय पाहिलं, असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर एकच आहे: आपल्या मुलाच्या घराचा चढ. समुद्राकाठचे कडे, पडके किल्ले, हिरवी कुरणं हे सगळं संदीपने त्यांना गाडीत घालून दाखवलं. काका खिडकीतून बघायचे ते रस्त्याच्या कडेला गटार आहे की नाही एवढंच. एकदा अटलांटिकच्या काठावर, जिथे भल्याभल्यांना कविता सुचतात, तिथे ते पार्किंगच्या कोपऱ्यात उकिडवे बसले आणि म्हणाले, "हितं पाणी साठणार बघ." पाणी आधीच साठलेलं होतं, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

स्लायगो गावाच्या जरा बाहेर, डोंगराच्या पायथ्याला आमची घरं. खालच्या बंगल्यात मी, वर जगतापांचं कुटुंब. मी पुण्याची, घरात बसून डब्लिनच्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. काकांच्या लेखी मी तपासणी अधिकारी होते, आणि त्या जमातीबद्दल त्यांच्या मनात धाक आणि संशय सारख्याच प्रमाणात असल्यामुळे ते मला फार मानाने वागवत.

काका स्वतः साताऱ्याकडचे. अख्खी नोकरी कोकणात उतरणाऱ्या घाटांवर झालेली, बांधकाम खात्यात इंजिनिअर म्हणून. दरड कोसळली की आधी साहेबाने जायचं, मशीन मागून येतं, हा त्यांचा बाणा. रिटायर झाल्यावर त्यांच्या हाती घाट उरला नाही. मग संदीपने दोघांना इकडे आणलं आणि घाट मिळाला. फाटकापासून दारापर्यंतचा तो खडीचा चढ, मध्ये एक वळण, वर गाडी फिरवायला थोडी सपाट जागा. घरातले सगळे त्याला ड्राइव्हवे म्हणत. काका घाट म्हणत. "घाटात कोण आलंय बघा," असं ते घरातून ओरडले की समजायचं, पोस्टमन आला.

पाहुण्याला ते 'कसे आहात' असं कधी विचारत नसत. "कुठल्या गिअरमध्ये चढलात?" असं विचारत. स्वतः गाडीतून वर येताना ते फाटकाशी उतरायचे आणि गाडी पुढे गेली की चाकांकडे बघत मागून चालत यायचे. डोक्याला माकडटोपी, गळ्यात मफलर, हातात छत्री. छत्री पावसासाठी नव्हती. ती जमिनीवर आडवी धरून, एक डोळा मिटून ते उतार बघायचे. पावसात मात्र भिजायचे.

दोघांना इकडे आणायचं कारण मालनकाकू. काकूंची दोन्ही मूत्रपिंडं थकली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. हॉस्पिटलची टॅक्सी न्यायला यायची, शुक्रवारी मी न्यायचे. काकू बुटक्या, आवाज मोठा, आणि तब्येतीविषयी बोलणं त्यांना बिलकूल आवडत नसे. "मशिनीला बांधत्यात आन् सोडत्यात, त्यात काय सांगायचं," एवढंच म्हणायच्या. भीती त्यांना एकाच गोष्टीची वाटायची. त्या उताराची. उतरताना त्या काकांचा दंड असा धरायच्या की काकांच्या कोटाची शिवण उसवलेली असायची.

पहिल्याच हिवाळ्यात ते झालं. एका सोमवारी सकाळी सगळा चढ गोठून काचेसारखा झाला होता. डेक्लन नावाचा टॅक्सीवाला फाटकातून आत शिरला, वळणापर्यंत आला, चाकं जागच्या जागी फिरली आणि गाडी तशीच मागे मागे जात फाटकाच्या खांबाला टेकली. डेक्लन खाली उतरला, खांबाकडे बघितलं आणि "ग्रँड," म्हणाला. हा माणूस सगळ्यालाच ग्रँड म्हणतो, त्यामुळे त्यातून काही कळलं नाही. काकूंना चालत खाली आणावं असं ठरलं. वाट कशी आहे ते बघायला म्हणून काकांनी पहिलं पाऊल टाकलं आणि ते बसले. बसायचा त्यांचा विचार नव्हता. बसल्या बसल्याच ते बरंच खाली गेले. दारात उभ्या असलेल्या काकूंनी ते पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या. त्या दिवशी डायलिसिस चुकलं.

शनिवार-रविवारचा खंड आधीच पडलेला, त्यात सोमवार गेला. संध्याकाळपर्यंत काकूंचे पाय सुजले. आडवं पडलं की दम लागायचा. संदीप आणि काकांनी त्यांना उशांना टेकवून रात्र काढली. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर मी गाडी वर नेली आणि आम्ही त्यांना हॉस्पिटलात पोचवलं. डेक्लनने शिकवलेली युक्ती म्हणून काकांनी आपले जाड लोकरीचे मोजे काकूंच्या बुटांवरून चढवले होते, कारण लोकर बर्फावर धरते. काकू त्या अवतारात हॉस्पिटलभर फिरल्या आणि कुणी हसलं नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं.

परतीच्या वाटेवर काका गाडीत एकदाच बोलले. "रस्त्यापायी माणूस घरात अडकलं. माझ्या हद्दीत असं कधी झालं नव्हतं." ते रागाने म्हणाले नाहीत. मला त्यांचा चेहरा बघवला नाही.

मग उपचार सुरू झाले. संदीपने मिठाची पोती आणली. डांबरी रस्त्यावर मीठ बर्फ वितळवतं. आमच्या चढावर ते खडीच्या फटींतून खाली गेलं आणि बर्फ वर राहिला. काकू खिडकीतून बघत होत्या. "मला भाजीत चिमूटभर घालू देत न्हाईत," त्या म्हणाल्या, "आन् वाटंला पोतं भरून."

पलीकडच्या शेतातला मार्टिन, मेंढ्या पाळणारा, चुलीतली राख घेऊन आला. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर राखच टाकली म्हणे. टाकली. दुपारी राखेचा चिखल झाला, संध्याकाळी चिखल गोठला, आणि मधल्या वेळात तो सूनबाईंच्या पांढऱ्या गालिच्यावर गेला. मार्टिनला विचारलं तर कळलं, त्याच्या वडिलांचा हात त्याच वाटेवर मोडला होता.

नंतर मी इंटरनेटवर वाचून मांजराच्या शौचाची माती घेऊन आले. ती पाणी प्यायली आणि तिची कणीक झाली. काकूंना या प्रकरणात एकच शंका होती. "मांजर कुठं हाय?" त्या पुढचे कित्येक दिवस विचारत होत्या. "मांजार न्हाई तर मांजराची माती कशाला?"

काकांनी हे सगळं होऊ दिलं. खात्यात असताना वरून आलेल्या सूचना जशा होऊ द्यायचे तसं. आणि मग एका रविवारी जेवणाच्या टेबलावर त्यांनी चढावरचा एक दगड आणून ठेवला. आधीच्या घरमालकाने हौसेने घातलेला, गोल, गुळगुळीत, दुधी रंगाचा. काकांनी त्याला बोटाने ढकललं. तो आमटीच्या पातेल्याला वळसा घालून खाली पडला. मग त्यांनी खिशातून दुसरा काढला, फोडलेला, कोपरे असलेला. तो ढकलल्यावर इंचभर सरकला आणि थांबला.

"ही गोटी. ही खडी," काका म्हणाले. "गोटी पळती, खडी एकमेकीला धरून बसती. बर्फ नसला तरी गोट्यांवर चाक जागच्या जागी फिरणारच. मलमं बंद करा."

"पण पप्पा, दिसायला ते छान दिसतात," संदीप म्हणाला.

"दिसायला चांगल्या दगडाचा देव करावा," काका म्हणाले. "रस्ता करू नये."

उन्हाळ्यात काम निघालं. मार्टिनने ट्रॅक्टरने खाणीतून फोडलेली खडी आणली. गोट्या उचलल्या, खडी पसरली, त्याच ट्रॅक्टरने दाबली. काकांचं इंग्रजी 'काइंडली'ने सुरू होऊन 'डू द नीडफुल'ने संपायचं, आणि मार्टिनचं इंग्रजी मलाही निम्मंच कळतं. तरी दोघांचं उत्तम जमलं, कारण दुसऱ्याचं ऐकून घेण्याच्या फंदात दोघेही पडत नसत. काम चालू असताना काका वळणावर काठीला काकूंचा लाल ब्लाउजपीस बांधून वाहतूक अडवत उभे असायचे. वाहतूक म्हणजे मार्टिनचं कुत्रं. ते थांबायचं.

पण काकांचा खरा जीव होता तो चरात. रस्त्याचा वैरी गाडी नव्हे, पाणी, हे त्यांचं आवडतं वाक्य. ते डॉक्टरांनाही ऐकवून झालं होतं आणि नातीच्या, सियाच्या, शाळेतल्या बाईंनाही. डोंगराच्या बाजूने त्यांनी लांब चर खणवला. वरून येणारं पाणी खडीवर यायच्या आत त्यात पडून बाजूला जावं म्हणून. चढावर तिरपे दोन उथळ चर काढले. वळणावर एक पेटी ठेवली आणि तिच्यात दगडाचा बारीक, टोकदार चुरा भरला. याला ते कच म्हणत. आकाश निरभ्र दिसलं की संध्याकाळी दंताळं घेऊन खडी ओरबाडून ठेवायची, म्हणजे गोठली तरी खरखरीत गोठेल. सकाळी चाकांच्या दोन पट्ट्यांवर तेवढी कच फेकायची. सियाने एकदा विचारलं, "आजोबा, आर यू फीडिंग द रोड?" काका म्हणाले, "हो." मराठी तिला सगळं कळतं, त्यामुळे इंग्रजीला मराठीत उत्तर देण्याचा त्यांच्यात करार होता.

दुसऱ्या हिवाळ्यात पहिलं दहिवर गोठलं त्या सकाळी डेक्लनची टॅक्सी फाटकातून शिरली, वळण घेतलं आणि थेट वर आली. डेक्लन उतरला, "ग्रँड," म्हणाला, आणि दारासमोर सपाट जागेत पाय घसरून टॅक्सीच्या दरवाज्याला लोंबकळला.

काकांना हे अजिबात समजेना. अख्खा चढ कोरडा आणि दारापुढे, जिथे काकू गाडीत बसतात नेमक्या तिथे, बर्फाची साय. दुसऱ्या दिवशी तेच. काकांनी छपराची पन्हाळ तपासली. नळ तपासले. शेवटी मार्टिनच्या शेतात झरा असणार असं ठरवून त्याच्याकडे गेले. मार्टिनने शपथेवर सांगितलं की डोंगराच्या त्या बाजूला झरा नाही, असता तर त्याने तो विकला असता. काका चिडचिडे झाले. जेवताना बोलेनात. "कुठनं तरी पाणी येतंय," एवढंच म्हणत. काकू वाढता वाढता म्हणायच्या, "यीना का. एवढं काय त्याचं?"

एका शुक्रवारी काकूंना न्यायला मी जरा लवकर वर गेले. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. घर गरम ठेवायच्या तेलाची टाकी बाहेर असते, तिच्यामागे माकडटोपी दिसली. काका पाणी पकडायला दबा धरून बसले होते. मला बघून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि दाराकडे मान केली.

दार उघडलं. काकू बाहेर आल्या. अंगात संदीपचं गुडघ्यापर्यंत येणारं जाकीट, पदर डोक्यावरून घेतलेला, हातात छोटी बादली. तीत तांब्या. त्यांनी दारापुढे सडा घातला. नुसतं शिंपडणं नव्हे. गावाकडच्या मातीच्या अंगणात घालायचा तसा मनमोकळा, तांब्यामागून तांब्या, हात लांब फेकून. मग उंबऱ्याशी वाकून चार रेघांची रांगोळी काढली आणि आत गेल्या. पाणी फरशीवरून निवांत उतरून खडीच्या तोंडाशी गेलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याच्यावर साय धरायला लागली.

काकांनी माकडटोपी कानांवरून वर सरकवली. मग म्हणाले, "झरा सापडला."

मी म्हटलं, "काका, सांगा ना काकूंना. कायमचं नको, हिवाळ्यापुरतं."

"सांगायला काय. ऐकंल ती," काका म्हणाले. "हितं आल्यापास्नं सगळंच ऐकती. प्यायला पाणी मोजून, तेबी ऐकती. घोट जास्त झाला तर मशीनवर कळतं, मग नर्सबाई रागावती. सगळ्या दिवसात न मोजता पाणी ती एवढ्या एकाच ठिकाणी वापरती, बाई. ते मी बंद करू?"

मी त्यांना उठवायला हात पुढे केला.

"आणि पाणी बंद करणं हे काय इंजिनिअरचं काम न्हवं," ते टाकीचा आधार घेऊन उठत म्हणाले. "वळवायचं असतं."

घरात त्यांनी जाहीर केलं की दारापुढे जिवंत झरा आहे आणि तो बारमाही आहे. उंबऱ्यापुढची फरशी कापून आडवी मोरी काढली, वर लोखंडी जाळी बसवली, खालून पाइप घालून चरात सोडला. संदीपने झऱ्याबद्दल काही विचारायला तोंड उघडलं, पण त्याने बापाकडे बघितलं आणि विचारलं नाही. काकू कडेला खुर्ची टाकून कामावर देखरेख करत होत्या.

"आवो, हितं झरा कुठनं आला?"

"हाय एक."

"पाणी गोड हाय का?"

"लय," काका म्हणाले.

काकूंना कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून सडा जाळीच्या अलीकडे पडायला लागला. त्या हिवाळ्यात त्यांचं एकही डायलिसिस चुकलं नाही. काकांचा दंडही त्या आता जरा सैल धरत. कोट शिवून घेतला होता, तो तसाच राहिला.

पुढच्या हिवाळ्यात, जानेवारीत काकू गेल्या. हॉस्पिटलात, मशीन सुटल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या. हृदय थांबलं. रस्त्याचा काही दोष नव्हता, टॅक्सी वेळेवर आली होती आणि वेळेवर पोचली होती. काका हे सगळ्यांना सांगत होते, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला, आधी तेच.

अंत्यसंस्काराआधी आईला थोडा वेळ घरी आणायचं असं संदीपने ठरवलं. इकडच्या लोकांतही तशी रीत आहे. अंत्यसंस्कार करणाऱ्या गृहस्थांनी फोनवर विचारलं, ड्राइव्हवेला चढ आहे का? गाडी लांब असते, जड असते. फोन काकांनी घेतला होता. "काइंडली कम," ते म्हणाले.

त्या सकाळी सगळा डोंगर पांढरा झाला होता. मी वर पोचले तेव्हा काका आधीच वळणावर उभे होते, दंताळं हातात. शेजारपाजारचे लोक आले, डबे भरभरून सँडविच आणले, दारापुढे रांगेत उभे राहिले. काळी गाडी फाटकातून आत आली. आम्ही सगळे काचेतून दिसणाऱ्या शवपेटीकडे बघत होतो. काका खाली वाकून मागच्या चाकाकडे बघत होते. चाक कुठेही जागच्या जागी फिरलं नाही. गाडी एका दमात वर आली आणि दारापुढे थांबली. जिच्यासाठी तो रस्ता केला तिला घेऊन आली, हे काकांनाही दिसत होतं. ते सरळ झाले, टोपी काढली आणि मग पहिल्यांदा पेटीकडे पाहिलं.

घरात तासभर काकूंना ठेवलं. सगळं झालं आणि उतरायची वेळ आली. इकडे काळ्या कोटातला तो गृहस्थ गाडीपुढे पायी चालतो, सावकाश, फाटकापर्यंत. तो चालायला लागला तसे काका त्याच्या बाजूला आले. हातात कचेची बादली. मूठ भरायची आणि चाकांच्या पट्ट्यांवर टाकायची, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. उतार चढापेक्षा वाईट, हे त्यांनी आम्हाला शंभरदा सांगितलेलं होतं.

लोकांना तो विधी वाटला. मार्टिनने टोपी काढून काखेत धरली, पुढे आला, बादलीत हात घातला आणि मूठभर कच गाडीपुढे टाकली, ओठ हलवत. त्याच्यामागून डेक्लन. मग मार्टिनची बायको, मग पोस्टमन. काळ्या कोटवाल्यानेही हातमोजा काढला आणि अगदी अदबीने मूठ भरली. संदीपने माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनीही कुणाला काही समजावलं नाही, आणि काकांनी कुणाला थांबवलं नाही. उलट ते बादली प्रत्येकापुढे धरत होते. मार्टिन आजही मला सांगतो की तुमच्या लोकांची ती पद्धत फार सुंदर आहे, आणि मी हो म्हणते. रस्त्यावर कच टाकणारी ती सगळी वयस्क, गंभीर माणसं बघताना मला रडू आलं. तोवर मी बरी होते.

फाटकापाशी गाडी वळण्यासाठी थांबली. पुढची चाकं डांबरी रस्त्यावर गेली, मग मागची. काकांनी बादली खाली ठेवली, कोटाला हात पुसले, आणि मागच्या काचेवर तळवा टेकून, गावाकडे बोलतात तसं हळू म्हणाले, "भिऊ नगं. आता फुडं सगळी डांबरीच हाय."